दोन डावे पाय

“अगं बया! दोन्ही पाय डावंच की गं हिचं!”

माझ्या मागच्या रांगेतली बाई एवढ्या जोरात ओरडली की बायकांच्या बाल्कनीतलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. पडद्यावर त्या वेळी हडळ चालली होती. म्हणजे मीच चालले होते. हिरवं लुगडं, मोकळे सोडलेले केस, आणि कॅमेरा नेमका पायांवर. हडळीचे पाय उलटे असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तसे ते उलटे होतेच. पण पडद्यावर ते बैलगाडीएवढे दिसत होते आणि दोन्हींचे अंगठे एकाच बाजूला होते.

खालून, पुरुषांच्या बाजूने, एक शिट्टी आली. मग कुणीतरी कवायतीच्या मास्तरांचा आवाज काढून ओरडलं, “डावा!” पडद्यावर मी एक पाऊल टाकलं. “डावा!” दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला अख्खं थिएटर ओरडत होतं. हडळ आपली सवतीचा जीव घ्यायला निघाली होती आणि चारशे माणसं तिची परेड घेत होती.

ही गोष्ट शहाऐंशी सालची, कोल्हापुरातली. शुक्रवार होता, दुपारी तीनचा खेळ, सिनेमाचा पहिला दिवस. सिनेमाचं नाव ‘उलट्या पावलांची सवत’. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि पोस्टर रंगवणारे, सगळं एकच, हिंदुराव पोवार. म्हणजे आमचे हे.

यांचा धंदा सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. वीस वर्षं दुसऱ्यांची भुतं रंगवून रंगवून यांच्या डोक्यात बसलं होतं की एक भूत आपलं स्वतःचं पाहिजे. असं भूत, की ते बघून आलेला तालमीतला गडीसुद्धा घरी जाताना मागे वळून बघायला धजणार नाही. तीन वर्षं दर रविवारी शूटिंग चालायचं. मोठ्या लोकांच्या शूटिंगमधून उरलेले फिल्मचे तुकडे कुठून कुठून मागून आणायचे आणि त्यावर आमचं काम. त्यामुळे एकाच प्रसंगात हडळ विहिरीपाशी हिरवी असायची आणि दाराशी येईपर्यंत निळी पडायची.

हडळीचं काम खरं तर तमाशातली एक बाई करणार होती. दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी तिचा निरोप आला की भुताचं सोंग घरच्यांना पसंत नाही. यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “उंची जुळतीया. तूच हुबी ऱ्हा.”

मी तीनदा नाही म्हणाले. नाही म्हणायला कारण होतं, पण ते यांना सांगण्यासारखं नव्हतं.

मी यांची दुसरी बायको. पहिली द्वारका. लग्नाला दोन वर्षं झाली न झाली तोच काविळीने गेली. माझं लग्न लागलं त्या दिवशी सासूबाईंनी मंगळसूत्राच्या शेजारी माझ्या गळ्यात आणखी एक वस्तू घातली, चांदीचा टाक. हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढा, त्यावर बाईचा ठसा. सवतीचा टाक म्हणतात त्याला. गेलेल्या सवतीने नव्या बाईला त्रास देऊ नये म्हणून तिला गळ्यात वागवायची. नवं लुगडं आणलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचं गोडधोड झालं की पहिला घास तिला. वर्षभर मी तिच्यामागून नेसत होते आणि तिच्यामागून जेवत होते. आणि आता यांचं म्हणणं, मेलेल्या पहिल्या बायकोचं भूत मीच व्हावं. चौथ्यांदा यांनी विचारलं नाही, नुसतं तोंड पाडून बसले, आणि मी उभी राहिले.

पायांची कथा वेगळीच. यांचे जिवलग मित्र येसबा सातपुते चपला करायचे, हात असा की लोक लांबून मागवायचे. त्यांनी चामड्याचे पाय शिवून त्यात काथ्या भरायचा आणि ते माझ्या घोट्याला बोटं मागे करून बांधायचे असं ठरलं. तेव्हा वाद निघाला. पाय उलटा फिरवला की अंगठा बाहेरच्या अंगाला जातो. ते बरं दिसत नाही. मग काय करायचं? तीन चहा झाले. शेवटी यांनी निकाल दिला, “येसबा, उजव्या पायाला डावा बांध. अंगठा आपोआप आत येतो का न्हाई बग.” येसबांनी मान डोलावली आणि सांगितलं तसं केलं. उजव्यासाठी डावा शिवला. डाव्या पायाचं कुणी काही बोललंच नव्हतं, म्हणून डाव्यासाठी डावाच शिवला. तीन वर्षं ते पाय बांधून मी चिखलात, काट्याकुट्यांत फिरले, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. थिएटरात पहिल्या तीन मिनिटांत आलं. पाय दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मग पुढे थांबणं नाहीच. हडळ डोळे वटारून म्हणाली, “माझ्या कुंकवाला हात लावशील तर रक्त पिईन!” खालून उत्तर गेलं, “आधी च्या पी!” मांत्रिकाच्या मनगटावर घड्याळ होतं, त्याला लोकांनी वेळ विचारली. स्मशानामागच्या रस्त्याने एसटी गेली तेव्हा “थांबव, थांबव, हडळीला घे!” असा एकच गलका झाला. आणि मी काय करत होते? मी पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. डोळ्यांतून पाणी, पोटात कळा. शेजारची बाई माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, “सावकाश गं, मरशील.” पडद्यावरची हडळ मीच आहे हे तिला कळलं नव्हतं.

सिनेमाच्या शेवटी हडळ दाराबाहेर उभी राहून म्हणते, “मला आत घ्या हो.” बस, एवढंच. यांचा सगळा जीव त्या वाक्यात होता. ते लिहिलं त्या रात्री हे झोपले नव्हते. पुरुष रडणार नाहीत, पण बायका नक्की रडतील, हे ते महिनाभर सांगत होते. म्हणून तेवढ्यासाठी ते जिना चढून बायकांच्या बाल्कनीशी आले आणि दाराचा पडदा बाजूला करून आत बघितलं. बायका रडत नव्हत्या. आणि पहिल्याच रांगेत बसलेली त्यांची स्वतःची बायको खुर्चीतून खाली घसरेपर्यंत हसत होती.

पडदा पुन्हा सरकला. त्या उजेडात त्यांचा चेहरा मला अर्धाच दिसला. माझं हसू तिथल्या तिथे थिजलं.

शनिवारी सकाळपासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवले नाहीत. अंगणात एक कोरा कॅनव्हास उभा करून त्याच्याकडे पाठ करून बसले. मी चहा नेला तर तो निवला. पुन्हा नेला, पुन्हा निवला. दुपारी मीच न राहवून म्हटलं, “अहो, माझ्याबरोबर भांडा तरी.”

तेव्हा वर न बघता एकच वाक्य आलं. “ती गेली तवा बावीस वर्साची हुती. तिला हसलीस तू.”

मला वाटलं होतं की सिनेमाला हसले म्हणून हे रागावलेत. तसं नव्हतं. माझ्या जिभेवर खूप काही आलं, पण चार वर्षं जे बोलले नव्हते ते एका दमात कसं बाहेर येणार? मी कप उचलून आत गेले आणि चुलीपाशी बसून रडले.

पाचच्या सुमाराला येसबा आले. बिचारे दारातच हात जोडून उभे. “वैनी, चूक माजी. पेंटरनं उजव्याचं सांगितलं, डाव्याचं इचारायचं माज्या ध्यानातच आलं न्हाई.”

“आता पायांचं काढू नका,” मी म्हटलं.

“काढतो कशाला? लोकंच काढाल्यात.” ते अंगणात यांच्यासमोर उकिडवे बसले. “पेंटर, आजच्या तीनच्या खेळाला मी गेलतो. कालच्यापरीस गर्दी हुती. अन् कालचीच पोरं परत आल्याती. संगं आणि चार-चार जणं घेऊन.”

“हसाय.”

“व्हय, हसायच. पर परत आली न्हवं? भ्याली असती तर परत आली असती का?”

“येसबा, मी हसायचा पिच्चर काढला न्हाई.” यांनी मान वर केली तेव्हा डोळे लाल होते. “करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, ते मला दिसतंय. उद्या तीनचा खेळ झाला की रिळं उचलतो अन् रंकाळ्यात नेऊन बुडवतो. तिच्या नावानं आणि हसू घ्यायचं न्हाई मला.”

येसबा माझ्याकडे बघायला लागले. मी दारात उभी होते, आणि मला एक गोष्ट लख्ख कळत होती. रिळं बुडाली तर त्यांच्याबरोबर आमच्यातलं बोलणंही बुडणार. मग जन्मभर हे अंगणात पाठ करून बसणार आणि मी चहा निववत राहणार.

रविवारी दुपारी हे हातगाडी घेऊन निघाले तेव्हा मी चपला पायात सरकवल्या आणि मागून चालायला लागले. त्यांनी वळून बघितलं, पण परत जा म्हणाले नाहीत.

थिएटरवर हाऊसफुलचा बोर्ड लागला होता. मॅनेजर बागवानभाई पायरीवर उभे राहून घाम पुसत होते. यांनी रिळांची गोष्ट काढली तसे त्यांनी कपाळावर हात मारला.

“अवो पेंटर, शुद्धीवर हाय का? आत मुंगी शिरायला जागा न्हाई. लोकं जमिनीवर बसल्यात.”

“माझा पिच्चर हाय. मी न्हेणार.”

“न्ह्या की. तुमचाच हाय. पर खेळ सुरू झालाय, मधनं रीळ काढलं तर लोकं माजी हाडं मोडतील. सपल्यावर न्ह्या, मीच उचलू लागतो.”

मशीनच्या खोलीकडे जाणारा एक लोखंडी जिना थिएटरच्या मागच्या भिंतीला लागून होता. हे त्यावर जाऊन बसले. मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसले. तिथून पडदा दिसत नव्हता. पण भिंतीतल्या झरोक्यातून आतला आवाज सगळा येत होता. माझी किंकाळी आली, आणि तिच्या मागोमाग चारशे माणसांनी तशीच किंकाळी मारली. अगदी सुरात. मग “डावा! डावा!” मग मांत्रिकाला विचारलेली वेळ. या खेपेला मांत्रिकाचं वाक्य यायच्या आधीच लोक त्याचं वाक्य म्हणत होते.

मग मी खाली मातीकडे बघत म्हटलं, “मी द्वारकाबाईंला हसले न्हाई.”

मीच पुढे बोलले.

“मला भ्या वाटायचं वो तिचं.”

“कुणाचं?”

“तिचंच. चार वर्सं झाली.”

पायरी करकरली. ते पुढे वाकले असावेत, पण मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलणं झालं नसतं. मी सांगत गेले. दिवेलागण झाली की परसात जाताना मला मागे कुणीतरी चालल्यासारखं वाटायचं, म्हणून मी दुपारीच पाणी भरून ठेवायचे. नवं लुगडं टाकासमोर धरलं की वाटायचं, आता ही म्हणेल, हे माझं आहे. झोपेत यांनी एकदा तिला हाक मारली होती, त्या रात्री मी उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसले होते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्या तर तो गळ्यातच बांधलेला होता.

“शूटिंगच्या टायमाला तुम्ही सारखं म्हणायचा, काय झकास कापतीयास, अशीच काप. मी काय काम करत नव्हते. माझं पायच थरथरायचं. वाटायचं, आपण तिचं सोंग घेतलंय, आता ती खरंच येणार.”

“मग सांगायचं न्हाईस?”

“कुणाला सांगू? तुमचीच बायको ती.”

आत कुणीतरी म्हातारी बाई हडळीला ओरडून सांगत होती, “बस गं बाई जरा, दमलीस!” आणि बायकांची बाल्कनी खदखदली.

“परवा पडद्यावर ती आली,” मी म्हटलं. “मला दिसायची तशीच. तेच हिरवं लुगडं, तेच केस. आता डोळं मिटायचं म्हणलं, तेवढ्यात कॅमेरा खाली गेला. दोन्ही पाय डावं. मला वाटलं, अगं बाई, हिला तर धड चालायबी येत न्हाई. ही माझं काय वाकडं करणार? तिथनं जे हसू सुटलं ते सुटलंच. अन् मी एकटीच न्हवते. चारशे माणसं माझ्यासंगं हुती. घरात मी एकटी भ्यायचे वो. परवा सांजच्याला मी परसात गेले, दिवा न घेता. उगंच उभी राहिले. कायबी वाटलं न्हाई. जराशी कीवच आली तिची.”

मी वर बघितलं. हे रडत नव्हते, पण हसतही नव्हते. रंगाने कायमचे माखलेले हात गुडघ्यांवर ठेवून माझ्याकडे बघत होते. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात आत शेवट आला. वारा सुटल्याचा आवाज, तो आम्ही पत्रा हलवून काढला होता. आता माझं वाक्य येणार होतं आणि पुन्हा हसू फुटणार होतं. यांनी डोळे मिटून घेतले.

“मला आत घ्या हो,” हडळ म्हणाली.

“ये की!” खालून कुणीतरी ओरडलं. “ये गं, ये!” बाल्कनीतून बायकांचा आवाज आला. “आत ये! च्या टाकलाय!” “पाय धुऊन ये!” “दोन्ही डावंच धू!” हसणं होतंच, थिएटर डोक्यावर घेतलं होतं लोकांनी. पण सगळे तिला बोलवत होते. कुणीही तिला जा म्हणत नव्हतं. तीन वर्षांच्या आमच्या सिनेमात मांत्रिकाने, सासऱ्याने, गावच्या पाटलाने, सगळ्यांनी तिला हाकललं होतं. लिहिताना यांनाही तिला आत घ्यायचं सुचलं नव्हतं. त्या चारशे माणसांना सुचलं.

हे भिंतीला हात लावून उभे राहिले आणि ऐकत राहिले. आतले दिवे लागेपर्यंत, खुर्च्या आपटेपर्यंत ऐकत राहिले.

बागवानभाई दोघा माणसांकडून रिळांचे पत्र्याचे डबे उचलून घेऊन आले. तोंड उतरलेलं, पण माणूस दिल्या शब्दाला पक्का. “हे घ्या पेंटर. कुटं ठेवायचं, गाडीवर?”

हे डब्यांकडे बघत राहिले. मग शर्टाच्या बाहीने नाक पुसून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. सहाचा खेळ लावा.”

“आँ?”

“लावा म्हणतोय न्हवं! अन् पोस्टरवर काय लिहू नका हसायचं-बिसायचं. पिच्चर भ्याचाच हाय. काय करायचं ते लोकं करतील.”

सिनेमा त्या थिएटरात अकरा आठवडे चालला. पुढे जत्रांतून फिरला, मग व्हिडिओवर आला, आणि आता नातवंडं फोनवर बघतात आणि हडळ आजीच आहे म्हणून मित्रांना सांगतात. ते सगळं नंतरचं. त्या रविवारी आम्ही रिकामी हातगाडी ढकलत घरी निघालो. ऊन अजून उतरलं नव्हतं. हे एका बाजूला, मी एका बाजूला. रस्त्यात पोरं एकमेकांच्या मागे “डावा, डावा” करत उड्या मारत चालली होती. हे त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसले.

पाण्याच्या टाकीपर्यंत आलो तेव्हा मी धीर केला. चार वर्षं एका घरात राहून जे कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“कशी हुती वो ती?”

गाडीचं चाक थांबलं.

“द्वारकी?” ते म्हणाले. “लई भित्री. भुताला तर अशी भ्यायची, सांज झाली की परसात एकटी जायची न्हाई. मला संगं यायला लावायची.”